झोपलेली गाडी, जागी बॅटरी

कॅनडातल्या विनिपेग शहरात नोव्हेंबर उजाडला की गाड्यांच्या दोन जाती पडतात. पहिली रोज कामावर जाणाऱ्यांची. या गाड्यांच्या पुढच्या जाळीतून विजेच्या वायरीचे एक शेपूट लोंबत असते, टोकाला साधा प्लग. रात्री तो प्लग भिंतीतल्या किंवा पार्किंगमधल्या खांबावरच्या सॉकेटमध्ये खोचायचा. इंजिनाला बसवलेला छोटा हीटर इंजिनाला ऊब देत राहतो आणि सकाळी गाडी सुरू होते. दुसरी जात झोपणाऱ्या गाड्यांची. टप उघडणाऱ्या हौशी गाड्या, जिवापाड जपलेल्या जुन्या गाड्या आणि हिवाळाभर भारतात जाऊन राहणाऱ्या आपल्या मंडळींच्या गाड्याही. रस्त्यावर मीठ पडू लागण्याआधी या गाड्या धुऊनपुसून गॅरेजमध्ये जातात, त्यांच्यावर कापडी खोळ चढते आणि एप्रिलपर्यंत त्यांना कुणी हात लावत नाही.

मुलीकडे तिथे दोन हिवाळे काढताना या दुसऱ्या जातीच्या गाड्यांबद्दल मी जितके सल्ले ऐकले तितके आपल्याकडे सर्दीवरही कुणी देत नाही. बॅटरी काढून घरात आणा, थंडीने मरते. घरात आणली तरी सिमेंटच्या जमिनीवर ठेवू नका, जमीन चार्ज ओढून घेते. आठवड्यातून एकदा दहा मिनिटे इंजिन चालू करा. चार्जर लावून विसरून जा. चार्जर मुळीच लावून ठेवू नका, बॅटरी उकळते. प्रत्येक सल्ला अनुभवाच्या जोरावर दिलेला होता आणि त्यातले निदान दोन एकमेकांच्या थेट विरुद्ध होते.

मी नोकरीत असताना वीज उपकेंद्रांच्या बॅटऱ्या सांभाळल्या आहेत. उपकेंद्राच्या एका खोलीत काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या भांड्यांतल्या शिसे-आम्लाच्या पंचावन्न सेल ओळीने मांडलेल्या असतात. बाहेरची वीज गेली तरी ब्रेकर उघडण्याची ताकद शिल्लक राहावी एवढ्याचसाठी त्या असतात. त्यांचे काम वर्षातून मोजक्या क्षणांचे. उरलेला सगळा काळ त्यांनी भरलेले राहायचे, बस. म्हणजे ‘वापरात नसलेली बॅटरी भरलेली कशी ठेवावी’ हाच तिथला रोजचा अभ्यास. गाडीच्या बॅटरीत अशाच सहा सेल एका डब्यात असतात. त्यामुळे विनिपेगचे सल्ले मी त्याच कसोटीवर घासून पाहिले. निघालेला निष्कर्ष आधीच सांगतो, कारण तो सर्वसाधारण समजुतीच्या उलट आहे: भरलेल्या बॅटरीचे थंडी काही वाकडे करत नाही, उलट ती तिला टिकवते. थंडीत मरते ती उपाशी बॅटरी. आणि गॅरेजमध्ये झोपलेल्या गाडीची बॅटरी उपाशी होते ती थंडीमुळे नव्हे, तर गाडी पूर्ण झोपलेली नसते म्हणून.

हे समजण्यासाठी बॅटरीच्या पोटात जरा डोकवावे लागेल. गास्ताँ प्लांते या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५९ मध्ये शिशाचे दोन पत्रे गुंडाळून सौम्य गंधकाम्लात, म्हणजे सल्फ्युरिक ॲसिडमध्ये बुडवले आणि पुन्हा पुन्हा भरता येणारी पहिली बॅटरी तयार केली. १८८१ मध्ये कामीय फोर याने शिशाच्या संयुगांचा लगदा जाळीवर थापण्याची युक्ती काढली आणि बॅटरीची क्षमता एकदम वाढली. आजच्या गाडीतली बॅटरी याच घराण्यातली आहे. तिच्या धन पट्टीवर लेड डायऑक्साइड असते, ऋण पट्टीवर स्पंजासारखे सच्छिद्र शिसे. वीज काढत गेलो की दोन्ही पट्ट्यांवर एकच पदार्थ जमू लागतो, लेड सल्फेट. आणि त्यासाठी लागणारे गंधकाम्ल पाण्यातून उचलले जाते. चार्जिंगला लावले की हे सगळे उलटे होते.

यातली लक्षात ठेवायची गोष्ट म्हणजे इथे आम्ल हे नुसते वीज वाहून नेणारे माध्यम नाही. ते स्वतः खर्च होते. भरलेल्या बॅटरीतले द्रावण दाट असते, त्याचे विशिष्ट गुरुत्व १.२७ च्या आसपास. उतरलेल्या बॅटरीत ते १.१२ पर्यंत खाली येते, म्हणजे पाण्याच्या जवळ जाते. बॅटरीच्या दुकानात काचेच्या नळीत द्रावण ओढून आत तरंगणारी पट्टी हिरव्यात आहे की लाल्यात हे पाहतात, ते हायड्रोमीटरचे मोजमाप हेच. आमच्या खोलीत रोज एका ठरलेल्या सेलचे, तिला ‘पायलट सेल’ म्हणत, असे गुरुत्व वहीत नोंदले जाई.

आता पाणी गोठते शून्य अंशाला, पण गंधकाम्ल मिसळलेले पाणी त्याच्या खूप खाली. पूर्ण भरलेल्या बॅटरीतले द्रावण गोठायला उणे ५० अंश सेल्सिअसच्याही खाली जावे लागते. निम्म्या भरलेल्या बॅटरीतले सुमारे उणे २३ ला गोठते. चतुर्थांश उरली असेल तर उणे १५ च्या सुमारास, आणि पार उतरली असेल तर उणे १० ला. विनिपेगच्या जानेवारीचे सरासरी तापमान उणे १६ च्या आसपास असते आणि दर हिवाळ्यात काही रात्री उणे ३० च्या खाली जातात. हे आकडे शेजारी शेजारी ठेवले की काम झाले. भरलेली बॅटरी तिथे बिनधास्त झोपू शकते. निम्मी भरलेली जानेवारी काढेलच असे नाही. पाव भरलेली नक्की गोठेल. गोठताना बर्फ फुगतो, पट्ट्या वाकतात, मधले पडदे फाटतात, कधी डब्याला तडा जातो. अशी बॅटरी वसंतात टाकून देण्याच्याच लायकीची असते.

मग ती उपाशी होते कशी? दोन वाटांनी. एक तिची स्वतःची. तारा सुटलेल्या बॅटरीतही रासायनिक क्रिया अगदी मंदपणे चालू राहते आणि चार्ज हळूहळू झिरपतो. पूर्वी शिशाच्या जाळीला कडकपणा यावा म्हणून त्यात अँटिमनी मिसळत. त्यामुळे ही गळती बरीच होई. आता कॅल्शियम मिसळतात. त्या बॅटरीची गळती २५ अंशांना महिन्याला ३ ते ५ टक्के एवढीच. शिवाय तापमान १० अंशांनी उतरले की ही गळती ढोबळमानाने निम्मी होते. २५ अंशांवरून उणे १५ वर गेलो, म्हणजे ४० अंश उतरलो, की ती सोळाव्या हिश्शावर येते. महिन्याला पाव टक्का! गार गॅरेज हे बॅटरीसाठी शीतगृह आहे, ते असे.

दुसरी वाट गाडीची, आणि खरी चोरी इथे आहे. किल्ली काढून दार लावले की गाडी बंद झाली असे आपण समजतो. पण घड्याळ चालू असते, चोरीची घंटा जागी असते, खिशातल्या किल्लीची हाक ऐकणारा रिसीव्हर कान टवकारून बसलेला असतो, इंजिनाच्या संगणकाला आपल्या आठवणी सांभाळायच्या असतात, आणि नव्या गाड्यांत कंपनीशी बोलणारा मोबाइलसारखा एक तुकडाही असतो. हे सगळे मिळून २० ते ५० मिलिअँपिअर खातात. हा आकडा इतका क्षुल्लक वाटतो की कुणी त्याच्याकडे लक्ष देत नाही. पण तो रात्रंदिवस चालू असतो.

हिशेब मांडू. ६० अँपिअर-तासांची बॅटरी आणि ३० मिलिअँपिअरचा ओढा धरा. दिवसाला ०.७२ अँपिअर-तास गेले. १ नोव्हेंबरला पूर्ण भरलेली गाडी गॅरेजमध्ये लावली, तर ४२ दिवसांनी, म्हणजे १३ डिसेंबरच्या सुमारास, बॅटरी निम्मी झाली. ३ जानेवारीला पाव उरली. २३ जानेवारीला कागदावर तरी शून्य. म्हणजे ज्या आठवड्यांत तिथे सगळ्यात कडाक्याची थंडी असते, नेमक्या त्याच आठवड्यांत बॅटरीतले द्रावण पाण्याच्या सगळ्यात जवळ आलेले असते. एप्रिलमध्ये फुटलेली बॅटरी पाहून मालक म्हणतो, थंडीने खाल्ली. थंडीने शेवटचा घाव घातला हे खरे. पण तिला त्या अवस्थेला नेली ती घड्याळाने आणि घंटेने.

गोठण्यापर्यंत वेळ आली नाही तरी सुटका नाही. पट्ट्यांवर ताजे जमलेले लेड सल्फेट बारीक कणांचे असते आणि चार्जिंगला लावले की विरघळून जाते. पण बॅटरी आठवडेच्या आठवडे अर्धवट उतरलेली पडून राहिली की बारीक कण विरघळत जातात आणि मोठे कण त्यांच्या जिवावर आणखी मोठे होतात. साखर आणि खडीसाखर यांत जो फरक तोच इथे. ही खडीसाखर मग चार्जरला दाद देत नाही. जेवढी पट्टी तिच्याखाली गाडली गेली तेवढी क्षमता कायमची गेली. याला सल्फेशन म्हणतात, आणि शिशाच्या बॅटऱ्या म्हातारपणाने मरतात त्याहून अधिक याने मरतात असे माझे मत आहे. आमच्या खोलीतल्या सेल वर्षानुवर्षे टिकत, कारण त्या कधी उपाशी राहतच नसत.

इथे थोडे विषयांतर करतो. शिसे हे जड मूलद्रव्य आहे. त्याच्या अणूतले आतले इलेक्ट्रॉन इतक्या वेगाने फिरतात की त्यांना आइनस्टाइनचा सापेक्षतावाद लागू करावा लागतो. २०११ मध्ये स्वीडनच्या उप्साला विद्यापीठातले राजीव आहुजा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यांत हेलसिंकीचे पेक्का प्यूक्को हेही होते, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’मध्ये गणिताने दाखवून दिले की शिसे-आम्ल सेलच्या सुमारे २.१ व्होल्टपैकी १.७ ते १.८ व्होल्ट हे सापेक्षतावादी परिणामांचे देणे आहे. शिशाचा भाऊबंद असलेल्या कथलाची अशी बॅटरी होत नाही, त्याचे कारणही त्यातच सापडते. गाडी सकाळी सुरू होते ती आइनस्टाइनच्या कृपेने, असे म्हणायला हरकत नाही. असो.

सुरू होण्यावरून एक गोष्ट. आपल्याकडे गॅरेजवाला म्हणतो, ‘गाडी सेल्फ घेत नाही’. हा ‘सेल्फ’ म्हणजे चार्ल्स केटरिंगने बनवलेला आणि १९१२ च्या कॅडिलॅक गाड्यांत आलेला सेल्फ-स्टार्टर. त्याआधी हँडल मारावे लागे आणि उलटा झटका बसला तर मनगट मोडे. सेल्फ आला आणि बॅटरीवर काही सेकंदांत शेकडो अँपिअर देण्याची जबाबदारी पडली. थंडीत हीच जबाबदारी दुप्पट जड होते: उणे १८ अंशांना बॅटरीची ताकद साधारण निम्म्यावर येते आणि त्याच वेळी इंजिनातले ऑइल काकवीसारखे घट्ट झालेले असते. बॅटरीच्या लेबलवर ‘सीसीए’ या अक्षरांपुढे जो आकडा असतो तो याच परीक्षेचा. उणे १८ ला ३० सेकंद किती अँपिअर देत राहिले तरी व्होल्टेज ७.२ च्या खाली जात नाही, हे तो सांगतो. उणे १८ असा विचित्र आकडा का, तर अमेरिकन फॅरनहाइट मोजपट्टीवर ते बरोबर शून्य आहे. झोपलेल्या गाडीला ही परीक्षा द्यायची नसते. तिच्या बॅटरीने थंडीत काही करायचेच नाही, फक्त भरलेले राहायचे. हा फरक लक्षात न घेतल्यामुळेच ‘थंडी बॅटरीला मारते’ ही समजूत इतकी पसरली असावी.

आता सल्ल्यांकडे वळू. माझ्या मते सगळ्यात चांगला उपाय सगळ्यात स्वस्त आहे, म्हणजे फुकट: बॅटरी पूर्ण भरायची आणि ऋण टर्मिनलची तार सोडवून बाजूला बांधून ठेवायची. ३० मिलिअँपिअरची चोरी तिथेच थांबली. उरली ती स्वतःची गळती, आणि गार गॅरेजमध्ये ती पाच महिन्यांत एक-दोन टक्के. ऋण तारच आधी का, तर गाडीचा पत्रा ऋण टोकाला जोडलेला असतो. धन टोक आधी सोडवताना पाना चुकून पत्र्याला लागला तर थेट शॉर्ट होतो आणि पाना जागच्या जागी वेल्ड होऊ शकतो. बसवताना याच्या उलट: आधी धन, मग ऋण. तार सोडण्याआधी दोन गोष्टी पाहून घ्याव्यात. रेडिओला सांकेतिक अंक लागत असतील तर ते लिहून ठेवावेत. आणि काही गाड्यांत बॅटरी डिकीत असते व डिकीचे कुलूप विजेवर उघडते. अशी डिकी तार सोडून बंद केली की साध्या किल्लीचे भोक कुठे आहे ते शोधत बसावे लागते. ते आधीच शोधावे.

‘पूर्ण भरली’ हे कळायचे कसे? मल्टिमीटर पुरे. चार्जर काढल्यावर निदान रात्रभर बॅटरी स्वस्थ राहू द्यावी, कारण चार्जिंगनंतर लगेच दिसणारे व्होल्टेज फसवे असते. मग १२.६ ते १२.७ दिसले तर पूर्ण, १२.४ म्हणजे पाऊण, १२.२ म्हणजे निम्मी, १२.० म्हणजे पाव. बारा व्होल्टची बॅटरी बारा व्होल्ट दाखवतेय म्हणून समाधान मानणारे मी पुष्कळ पाहिले आहेत. बारा दाखवणारी बॅटरी उपाशी आहे.

घरात आणण्याचा सल्ला चुकीचा नाही, पण कारण वेगळे आहे. तिथल्या घरांना तळघर असते आणि ते ऊबदार असते. तिथे २० अंशांना गळती गॅरेजपेक्षा कितीतरी जास्त, पाच महिन्यांत वीसेक टक्क्यांपर्यंत. म्हणजे निरोगी, भरलेल्या बॅटरीचे घरात आणल्याने थोडे नुकसानच होते. जानेवारीत एकदा चार्जिंगला लावले की भरून निघते. पण बॅटरी जुनी असेल, पूर्ण भरते की नाही याची शंका असेल, तर तळघरच बरे, कारण तिथे ती गोठणार तरी नाही. आणि सिमेंटच्या जमिनीची भीती ही आजोबांच्या काळची आहे. तेव्हा बॅटरीचे डबे लाकडाचे, डांबर लावलेले किंवा कडक रबराचे असत. ओल लागली की त्यातून वीज झिरपायची. आजचा डबा पॉलिप्रॉपिलीनचा असतो. त्याला जमीन सिमेंटची आहे की शिसवी लाकडाची, काही कळत नाही.

आठवड्याला दहा मिनिटे इंजिन चालवण्याचा सल्ला मात्र मला सगळ्यात वाईट वाटतो, आणि तोच सगळ्यात लोकप्रिय आहे. सेल्फ मारायला २०० अँपिअर ५ सेकंद लागले असे धरू: सुमारे ०.३ अँपिअर-तास गेले. मग दहा मिनिटे इंजिन नुसते गुरगुरत ठेवले. गार बॅटरी चार्ज हळू स्वीकारते, शिवाय पंखा आणि मागच्या काचेची तापणारी तार आल्टरनेटरचा वाटा मागतात. तरी उदार मनाने बॅटरीला १० अँपिअर मिळाले म्हणू. दहा मिनिटांत १.७ अँपिअर-तास. खर्च वजा जाता १.४. आणि त्या आठवड्याची चोरी? ५ अँपिअर-तास. म्हणजे दर आठवड्याला इंजिन चालवूनही साडेतीन अँपिअर-तासांची तूट राहते. वर आणखी एक तोटा. १ लिटर पेट्रोल जळले की साधारण तितकेच पाणी तयार होते. इंजिन नीट तापले तर ते वाफ होऊन निघून जाते; दहा मिनिटांत ते सायलेन्सरमध्ये आणि ऑइलमध्ये साचते. बॅटरी भरत नाही आणि सायलेन्सर आतून गंजतो. चालवायचीच असेल तर रस्त्यावर अर्धा-पाऊण तास नीट चालवावी. पण मग ती झोपवली कशाला?

राहिला चार्जर. इथे दोन्ही उलट सल्ले खरे आहेत, कारण ते दोन वेगळ्या यंत्रांबद्दल आहेत. जुन्या पद्धतीचा साधा चार्जर न थांबता एक-दोन अँपिअर ढकलत राहतो. बॅटरी भरल्यावर ही वीज जायची कुठे? ती पाणी फोडते, हायड्रोजन आणि ऑक्सिजन बुडबुड्यांनी बाहेर पडतात, द्रावणाची पातळी उतरते, धन पट्टीची जाळी गंजते. महिनाभर असे ठेवले तर बॅटरी खरोखर ‘उकळते’. नवा यंत्रणा-संभाळणारा चार्जर, ज्याला तिथे ‘मेंटेनर’ म्हणतात, तो आधी सुमारे १४.४ व्होल्टपर्यंत नेऊन भरतो आणि मग स्वतःच १३.५ च्या आसपास उतरून तिथे थांबतो. या पातळीला बॅटरी फक्त आपल्या गळतीपुरती वीज घेते. उपकेंद्रातल्या आमच्या सेलना आम्ही प्रत्येकी २.२ ते २.२५ व्होल्टवर असेच ‘फ्लोट’ ठेवत असू. सहाने गुणा, गाडीचा आकडा येतो. तार सोडवायची नसेल, घड्याळ आणि घंटा चालू ठेवायची असेल, तर हेच यंत्र योग्य.

घेताना एक चौकशी जरूर करावी: ते तापमान पाहून व्होल्टेज बदलते का? वर दिलेले आकडे २५ अंशांचे आहेत. थंडीत तीच बॅटरी भरायला जास्त दाब लागतो, अंशामागे सुमारे २० मिलिव्होल्ट. उणे १५ ला पाऊण व्होल्टहून थोडा जास्तच फरक पडतो. ही सोय नसलेला चार्जर थंड गॅरेजमध्ये बॅटरीला अपाय करत नाही, पण उतरलेली बॅटरी तिथे पूर्ण भरूही शकत नाही. म्हणून आधी ऊबेत भरावी, मग गॅरेजमध्ये फ्लोटवर लावावी. चार्जरवर ‘दुरुस्ती’ असे काही बटण असेल तर गाडीला जोडलेल्या बॅटरीवर ते दाबू नये. त्यात व्होल्टेज १५ च्या वर जाते आणि गाडीतल्या नाजूक यंत्रणांना ते मानवत नाही. सौर पट्टीचा सल्लाही ऐकला होता. डिसेंबरात तिथे दिवस आठ तासांचा, आणि गाडी गॅरेजमध्ये. पुढे बोलायला नको.

बॅटरी गोठलीच तर? डबा फुगलेला दिसतो, कधी आत बर्फ खडखडतो. अशा बॅटरीला चार्जर लावू नये आणि दुसऱ्या गाडीच्या तारा तर मुळीच जोडू नयेत. आत वायू अडकून ती फुटू शकते, आणि फुटली तर आम्ल तोंडावर येते. आधी ती घरात आणून पूर्ण वितळू द्यावी, डब्याला तडा आहे का पाहावे, तडा असेल तर विषय संपला. साध्या उतरलेल्या बॅटरीलाही शेजारच्या गाडीवरून तारा लावताना शेवटचा चिमटा बॅटरीवर न लावता इंजिनाच्या उघड्या धातूवर, बॅटरीपासून दूर लावतात, तो शेवटच्या ठिणगीची आणि हायड्रोजनची गाठ पडू नये म्हणून.

विजेवर चालणाऱ्या गाडीच्या मालकांनी हसू नये. त्यांच्याही गाडीत मोठ्या लिथियम बॅटरीखेरीज एक छोटी बारा व्होल्टची असते, पुष्कळदा शिशाचीच, आणि ती उतरली तर दारसुद्धा उघडत नाही. लिथियमचा स्वभाव वेगळा: तिला पूर्ण भरून ठेवणे आवडत नाही, निम्म्याच्या आसपास ठेवावी, आणि शून्याखाली तिला चार्जिंग सोसत नाही, आत धातूचे लिथियम जमू लागते.

हे सगळे विनिपेगचे झाले, तर पुण्या-मुंबईच्या वाचकाला त्याचे काय? आपल्याकडे गाड्या झोपतात त्या उलट ऋतूत. मुलांकडे सहा महिने जाणारे आईवडील मार्च-एप्रिलमध्ये निघतात आणि कोथरूडच्या सोसायटीत गाडी खोळ घालून ठेवतात. बॅटरी छोटी, ३५ अँपिअर-तासांची. तोच ३० मिलिअँपिअरचा ओढा तिला ४८ दिवसांत संपवतो, आणि ३५ अंशांना स्वतःची गळती २५ अंशांच्या दुप्पट असते. म्हणजे दीड महिनाही जेमतेम. २०२० च्या २५ मार्चला टाळेबंदी लागली आणि जूनमध्ये लोक गाड्यांकडे परतले, तेव्हा किती गाड्यांनी सेल्फ घेतला नाही ते आठवा. आपल्याकडे गोठण्याचे भय नाही, पण खडीसाखर उष्णतेत तयार होतेच. म्हणून तार सोडण्याचा उपाय इथेही तोच. मात्र दोन-तीन महिन्यांनी कुणाला तरी सांगून एकदा चार्जिंगला लावायला हवी. इथले गॅरेज शीतगृह नाही.

एका बॅटरीसाठी एवढा खटाटोप का, नवी घेता येते की, असे मला विचारले गेले आहे. गाडीच्या बॅटरीचे वजन पंधरा किलोच्या आसपास आणि त्यात निम्म्याहून अधिक शिसे. कॅनडात नवी घेताना अनामत घेतात आणि जुनी परत दिली की अनामत परत मिळते. ते शिसे बंदिस्त भट्टीत जाते. आपल्याकडे २००१ पासून बॅटऱ्या परत घेण्याचे नियम आहेत, २०२२ मध्ये ते नव्याने आले, पण भंगारातून जुनी बॅटरी कुठल्या तरी उघड्या भट्टीवर जाण्याचे थांबलेले नाही. आम्ल जमिनीवर ओतले जाते आणि शिसे वितळवताना धूर वस्तीत पसरतो. युनिसेफ आणि प्युअर अर्थ या संस्थांच्या २०२० च्या अहवालानुसार जगातल्या दर तीन मुलांपैकी एकाच्या, म्हणजे सुमारे ८० कोटी मुलांच्या, रक्तात शिशाचे प्रमाण डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा त्याहून अधिक आहे. त्यातली सुमारे २७.५ कोटी भारतातली. या अहवालाने बॅटऱ्यांच्या अशा बेकायदा वितळकामाला प्रमुख कारणांत धरले आहे. शिसे मुलांच्या मेंदूवर परिणाम करते आणि तो परिणाम भरून येत नाही. सात वर्षे चालू शकणारी बॅटरी तीन वर्षांत भंगारात गेली तर भट्टीकडे दुप्पट माल जातो. ऋण तार सोडायला एक दहाचा पाना आणि दोन मिनिटे लागतात.

एप्रिलमध्ये गाडी उठवताना घाई करू नये. आधी मल्टिमीटर लावावा; १२.५ च्या खाली असेल तर सेल्फ मारण्याआधी रात्रभर चार्जिंग. झाकणे उघडणारी बॅटरी असेल तर पट्ट्या द्रावणाखाली आहेत ना ते पाहावे, नसतील तर डिस्टिल्ड वॉटर, नळाचे नव्हे. सहाही सेलचे गुरुत्व मोजावे, पाच १.२६ ला आणि एक १.१८ ला असेल तर तो सेल गेला, आणि त्याच्याबरोबर बॅटरीही. टर्मिनलवर पांढरी-हिरवी पूड बसली असेल तर कोमट पाण्यात खाण्याचा सोडा कालवून जुन्या दातांच्या ब्रशने धुवावी, तो फसफसणे थांबेपर्यंत. सोड्याचे पाणी सेलमध्ये जाऊ देऊ नये. पुसून कोरडे करावे, मग धन तार, मग ऋण, दोन्ही हाताने हलणार नाहीत इतक्या घट्ट, वरून व्हॅसलिनचा पातळ हात. काचा एकदा पूर्ण खाली-वर कराव्या लागतात, म्हणजे त्यांना आपली जागा पुन्हा आठवते. घड्याळ तर लावावेच लागते, तार सोडली असो वा नसो. मार्चमध्ये तिथली सगळी घड्याळे एक तास पुढे गेलेली असतात.